पीक गेल्यावर घर कसं सावरायचं: पहिल्या तीन महिन्यांची कामं

अतिवृष्टीत उभं सोयाबीन कुजलं, रानाची माती खरवडून गेली, गोठ्यातलं जनावर दगावलं, की घरात दोन संकटं एकदम शिरतात. पैशाचं संकट सगळ्यांना दिसतं. मनाचं संकट महिना-दीड महिना कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि येतं तेव्हा घरातला माणूस बोलायचा थांबलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठची कितीतरी गावं यातून गेली. पुढेही जातील, कारण पावसाचा बेभरवसा वाढतो आहे.

हा लेख अशा घरातल्या त्या माणसासाठी आहे, ज्याच्यात अजून थोडी ताकद शिल्लक आहे. तो बायको असेल, थोरला मुलगा असेल, भाऊ, शेजारी किंवा गावातली आशाताई असेल. पूर्वी असं काम कधी केलं नसलं तरी चालेल.

‘धीर धरा’ हे लोक मनापासून सांगतात, पण धीर धरायचा म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. उमेद आली की माणूस कामाला लागेल, असं समजून आपण वाट बघत बसतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एखादं छोटं काम पुरं होतं, त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो, आणि मग थोडी उमेद येते. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यावरूनच ठरवला आहे.

पहिले तीन दिवस

रानात हात घालण्याआधी फोटो काढा. प्रत्येक गटाचे चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या आणि निदान एका फोटोत ओळखीची खूण येऊ द्या: विहीर, बांधावरचं झाड, विजेचा खांब. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. पीक विमा काढला असेल तर नुकसान कळवण्यासाठी सहसा ७२ तासांची मुदत असते. कोणत्या नुकसानाला वेगळी भरपाई मिळते, याचे नियम हंगामानुसार बदलतात. म्हणून विम्याची पावती घेऊन त्याच दिवशी कृषी सहायकांना गाठा आणि कळवल्याची पोच ठेवा. जनावर मेलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. कानातला बारा अंकी बिल्ला काढू नका; तो नंबर दिसेल असा फोटो घ्या.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात (सरकारी पदनावं बदलली असली तरी गावात अजून हीच नावं चालतात). त्या वेळी घरातलं कुणीतरी रानात हजर हवं. सरकारी मदतीसाठी साधारणपणे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान धरलं जातं. सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र आणि पिकाचं नाव मोठ्याने वाचून घ्या. मदत अडते ती बहुतेक ठरावीक कारणांनी: पीक पाहणीची नोंदच झालेली नाही, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, ई-केवायसी राहिली आहे, किंवा सातबारा सामाईक आहे आणि बाकी खातेदारांचं संमतीपत्र नाही. भावकीत अबोला असेल तर शेवटची अडचण सगळ्यात जड जाते. तिथे एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालून पहिल्या आठवड्यातच ती सही मिळवा.

कागद भिजले असतील तर सुटे करून सावलीत वाळवा. सातबारा आणि आठ-अ पुन्हा निघतात, त्यांची काळजी नको. आधी शाळेचे दाखले, पासबुकं आणि दवाखान्याची कागदपत्रं वाचवा.

त्यानंतर घरातल्या गोळ्या तपासा. ही गोष्ट हमखास राहून जाते. रक्तदाब, साखर, फिट यांच्या गोळ्या पाण्यात गेलेल्या असतात आणि ‘आत्ता कुठे ते’ म्हणून कुणी आणत नाही. चार दिवसांनी माणूस चक्कर येऊन बसतो, चिडतो, त्याचं डोकं भणभणतं, आणि घरचे म्हणतात, फार मनाला लावून घेतलंय. फिटची गोळी अचानक बंद झाली तर फिट येण्याचा धोका असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात यातली बरीच औषधं फुकट मिळतात.

शेवटचं काम म्हणजे एक नियम, घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायचा: पुढचे पंधरा दिवस कोणताही मोठा व्यवहार नाही. जमीन विकायची नाही, बैलजोडी बाजारात न्यायची नाही, नवं खाजगी कर्ज घ्यायचं नाही, आणि ‘खर्चाचं ओझं कमी होईल’ म्हणून लेकीचं लग्न घाईने ठरवायचं नाही. धक्क्यात असलेलं मन समोरचा एकच रस्ता बघतं आणि त्यावरून धावत सुटतं. पंधरा दिवसांनी आणखी दोन रस्ते दिसू शकतात.

कर्जाची वही

दुसऱ्या आठवड्यात एक शंभर पानी वही घ्या आणि घराचं सगळं देणं एका जागी लिहा. घरातल्या बाईला सोबत बसवूनच लिहा. बऱ्याच घरांत किती देणं आहे हे फक्त पुरुषाला ठाऊक असतं, आणि ते एकट्याने बाळगणं हाच त्याच्यावरचा सगळ्यात मोठा भार असतो.

पानावर सहा रकाने आखा: कुणाचं, मुद्दल, व्याज, पुढची तारीख, तारण काय, आणि नाही भरलं तर नेमकं काय होईल. त्यात सोसायटी, बँक, बचत गट, मायक्रोफायनान्स, सोनेतारण, कृषी केंद्राची उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता, सावकार, मेहुणा, सगळे येऊ द्या. शेवटचा रकाना भरताना लोक अडखळतात, पण तो सोडू नका. डोक्यातल्या भीतीला आकडा नसतो, म्हणून रात्री ती वाढत जाते. ‘मार्चमध्ये नोटीस येईल’ असं कागदावर लिहिलं की त्या भीतीला तारीख मिळते, आणि तारखेआधी काय करायचं याचा विचार सुरू होतो.

व्याज वर्षाच्या हिशोबात मांडा. ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ५०,००० रुपयांवर ते वर्षाला १८,००० होतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर परवानाधारक सावकाराला तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि तारण नसेल तर १२ टक्के इतकंच व्याज लावता येतं. त्याच ५०,००० वर विनातारण व्याज वर्षाला ६,००० होतं. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे. बेकायदा सावकारी किंवा व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन, यांची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) लेखी करता येते. तक्रारीआधी गावात गाजावाजा करू नका. कागद, साक्षीदार आणि व्याज दिल्याच्या नोंदी आधी गोळा करा. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना आणि सगळ्या महिलांना तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आता यादीला क्रम द्या. जिथे वस्तू कायमची जाण्याची तारीख जवळ आहे ते वर: सोनेतारणाचा लिलाव, ट्रॅक्टर ओढून नेण्याची नोटीस. बँकेचं आणि सोसायटीचं पीक कर्ज त्याच्या खाली, कारण त्याला पुनर्गठनाची, म्हणजे मुदत वाढवून नवे हप्ते पाडून घेण्याची, वाट असते. मेहुण्याचं देणं सगळ्यात खाली ठेवायला जीव होत नाही, ‘त्याच्यासमोर तोंड कसं दाखवू’ असं वाटतं. त्याला फोन करून एवढंच सांगा: ‘तुमचे पैसे वहीत लिहिलेत. या हंगामात जमणार नाही. संक्रांतीला बसून बोलू.’ टाळलेल्या दहा फोनांनी जो ताण येतो, तो या एका फोनाने उतरतो.

बँकेत मुदत संपण्याआधी जा. तोंडी बोलून परत येऊ नका. पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. थकलेलं पीक कर्ज मुदतीच्या कर्जात बदलतं, हप्ते पडतात आणि व्याज चालू राहतं. म्हणून तीन प्रश्न विचाराच: नवा व्याजदर किती, व्याज सवलत चालू राहील की जाईल, आणि नवं पीक कर्ज मिळेल का. वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान तर कधीच नाही. तसं झालं तर संस्थेकडे लेखी तक्रार करा. पुढची वाट रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर कळेल.

दिवसाला आकार द्या

इथून मनाचं काम सुरू होतं. वहीचं काम चालू असतानाच हेही करायचं आहे.

पीक गेल्यावर माणूस आधी रानात जायचा थांबतो, मग पारावर, मग लग्नकार्यात. लोक विचारतील याची लाज असते आणि अंगात त्राणही नसतं. घरात पडून राहिलं की चांगलं काही घडण्याची शक्यताच संपते. मन आणखी खाली जातं, आणि मग उठवतच नाही. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येतं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने याच तत्त्वावर एक उपचार उभा केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी आरोग्य केंद्रात येणाऱ्या उदास रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा स्पष्ट फायदा दिसला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांतही ‘विश्राम’ नावाने गावपातळीवर असं काम झालं आहे.

घरी ते असं करता येईल.

आधी तीन दिवस फक्त नोंद ठेवा. वहीच्या मागच्या बाजूला सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने करा. काय केलं आणि मन कसं होतं, ते शून्य ते दहात लिहा. शून्य म्हणजे अगदी नको वाटतंय, दहा म्हणजे बरं. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगून लिहून घ्या. तीन दिवसांत एक गोष्ट जवळजवळ नक्की दिसते: आकडा सगळा वेळ सारखा नसतो. कुठेतरी दोनचा चार झालेला असतो. म्हशीला पाणी पाजताना, कुणीतरी येऊन बसल्यावर, अंघोळीनंतर. ती जागा शोधायची आहे.

चौथ्या दिवसापासून रोज दोन कामं ठरवा. एक हाताचं, एक माणसांतलं. हाताचं काम इतकं छोटं घ्या की आजारी माणसालाही जमेल. ‘रान साफ करणं’ चालणार नाही. ‘सकाळी सात ते साडेसात विहिरीजवळच्या कोपऱ्यातला गाळ-काडी बाजूला करणं’ चालेल. माणसांतलं काम म्हणजे एखाद्याच्या ओट्यावर दहा मिनिटं बसणं, बहिणीला फोन, हरिपाठाला जाऊन मागे बसणं. दोन्हींची वेळ आदल्या रात्रीच ठरवा आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा. काम झालं की आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा.

हे फसतं कुठे? पहिली चूक म्हणजे उत्साहात आठ कामं लिहिणं. त्यातली दोन होतात आणि सहा राहिल्याची बोच उरते. दुसरी म्हणजे ‘आज मन नाही, उद्या करू’. मन नसतानाच करायचं आहे, औषधासारखं, आणि म्हणूनच काम छोटं ठेवलं आहे. तिसरी चूक घरचे करतात: माणूस अर्धा तास रानात जाऊन आला की लगेच ‘बघ, जमतंय की! आता उद्या सगळंच उरकून टाक’. त्याऐवजी ‘कोपरा मोकळा झाला, पाहिलं मी’ एवढं पुरे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चुकलेलं भरून काढू नका. त्या दिवसाची दोन कामं करा. दोन आठवडे असं चाललं की तिसरं काम वाढवा.

चिंता आणि झोप

चिंता करू नका असं सांगून कुणाची चिंता थांबलेली नाही. तिला वेळ नेमून द्यावी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वीस मिनिटं, वही घेऊन, अंथरुणापासून लांब बसायचं. दिवसभरात चिंता आली की एका शब्दात टिपायची, ‘फी’, ‘नोटीस’, आणि पाचवर ढकलायची. पाच वाजता प्रत्येकीपुढे लिहायचं: यात माझ्या हातात काही आहे का? असेल तर उद्याचं एक पाऊल लिहा. नसेल तर तसं लिहा आणि पान उलटा. पहिले सात-आठ दिवस चिंता ऐकत नाही, भलत्या वेळी येते. तरी लिहीत राहायचं.

झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची नाही. रात्र कशीही गेली तरी सकाळी एकाच वेळी उठायचं आणि दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त पडायचं नाही. अंथरुणात वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून ओसरीवर बसा, अंधारातच. पेंग आली की परत या. तासन् तास कूस बदलत राहिलं की अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा, हे अंगवळणी पडतं. दुपारी चारनंतरचा चहा बंद करा. पुराचे व्हिडिओ झोपण्याआधी मोबाईलवर बघणं तर पूर्ण थांबवा.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तिने झोप लागते हे खरं, पण पहाटे तीन-चारला ती झोप मोडते, आणि तीच वेळ सगळ्यात काळी असते. पिऊन घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही. रोज पिणाऱ्याने मात्र एका दिवसात पूर्ण सोडू नये. हात थरथरणं, घाम, भास, फिट असं होऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

एका वेळी एकच अडचण

झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. खचलेली माणसं त्या बाकावर येऊन बोलतात, आणि आजी त्यांना सगळ्या अडचणींतून एकच निवडायला सांगते. ही पद्धत आपल्या ओट्यावरही चालते.

सगळ्या अडचणी मोठ्याने सांगू द्या, मध्ये बोलू नका. मग विचारा, ‘यातली कोणती थोडी हलली तर बाकीच्या हलक्या होतील?’ समजा उत्तर आलं, रब्बीला बियाणं नाही. आता निदान पाच उपाय लिहा. वेडगळ वाटला तरी लिहा. घरचा हरभरा वापरणं, भावाकडून उसना घेणं, अनुदानावरचं बियाणं, निम्म्याच क्षेत्रावर पेरणं, ज्वारी करणं. प्रत्येकापुढे खर्च आणि अडसर लिहा. एक निवडा आणि त्याचं पहिलं पाऊल कोण, कधी, कुठे करणार ते ठरवा.

घरचा हरभरा निवडला तर पहिलं पाऊल उगवण तपासण्याचं. न निवडता सरसकट शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब आलेले मोजा. ८५ किंवा जास्त असतील तर बियाणं उत्तम. सत्तरच्या आसपास असतील तर एकरी बियाणं वाढवावं लागेल. त्याहून बरेच कमी असतील तर दुसरा उपाय काढा. कोरडवाहू हरभरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आणि बागायती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरून व्हावा. रानाला वाफसाच आला नाही तर घाई करून चिखलात पेरू नका, मर रोग आणि कुज वाढते.

खचलेल्या माणसाच्या हातात हे शंभर दाणे द्या, असं आम्ही आग्रहाने सांगू. काम पाच मिनिटांचं आहे, रोजचं आहे, आणि आठव्या दिवशी त्याचं उत्तर समोर येतं. ठरवलेल्या प्रत्येक गोष्टीला मात्र दुसरी वाट आधीच लिहून ठेवा. आशेचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी तिचे तीन भाग मांडले: ध्येय, तिथे नेणाऱ्या वाटा आणि चालण्याची इच्छा. वाट एकच असेल आणि तीच बुजली, तर माणसाला वाटतं सगळंच संपलं.

घरात कसं बोलायचं

‘तुझ्यापेक्षा वाईट अवस्था कितीतरी जणांची आहे’ हे वाक्य टाळा. ‘मर्दासारखा मर्द तू’, ‘पोरांकडे बघ जरा’ हीदेखील टाळा. त्यातून एवढंच कळतं की मला वाईट वाटणंही चुकीचं आहे, आणि पुढच्या वेळी माणूस बोलत नाही. साधं विचारा: ‘आज सगळ्यात जड काय गेलं?’ उत्तर यायला वेळ लागला तर गप्प बसा. समोरासमोर बसून बोलणं पुरुषांना अवघड जातं. वैरण कापताना, दोरी वळताना, गाडीवर जाताना बोलणं निघतं.

दुःख नेहमी दुःखासारखं दिसत नाही. पुरुष चिडतो, पितो, घराबाहेर राहतो. बायका ‘मन उदास आहे’ असं क्वचितच म्हणतात. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अंगाला मुंग्या येतात, कंबर धरते, असं सांगतात. तपासण्या ठीक येऊनही तक्रार राहिली तर डॉक्टरांना घरातली परिस्थिती सांगा. म्हातारी माणसं जेवण कमी करतात, ‘मला भूकच नाही’ म्हणतात, कारण आपला घास वाचावा असं त्यांना वाटतं. लहान मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात, थोडी मोठी मुलं अभ्यासात मागे पडतात किंवा अचानक फार शहाण्यासारखी वागू लागतात.

मुलांपासून लपवू नका, त्यांना ते कळलेलंच असतं. वयाला झेपेल इतकं खरं सांगा: ‘यंदा सोयाबीन गेलं. पैसे कमी आहेत. नवे कपडे होणार नाहीत, पण शाळा चालू राहील. यात तुझी काही चूक नाही.’ फीची अडचण असेल तर मुख्याध्यापकांना तुम्हीच जाऊन भेटा, मुलाच्या हाती निरोप देऊ नका.

जीव नकोसा झाल्याच्या खुणा

दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहतं, कशातच रस वाटत नाही, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, लक्ष यांवर परिणाम झालेला आहे, तर तो आजार असू शकतो. घरगुती उपाय चालू ठेवा, पण डॉक्टरांना दाखवाच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटू लागल्यावर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

याहून तातडीच्या खुणा वेगळ्या आहेत. ‘माझ्यामागे तुमचं बरं होईल’ असं बोलणं. आवडीच्या वस्तू वाटून टाकणं. देण्याघेण्याची कागदपत्रं एकाएकी नीट लावून कुणाच्या तरी हवाली करणं. बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणं. असं काही दिसलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणसाला पहिल्यांदा बोलायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, रडून त्याच्यावर ओझं टाकू नका. ऐका. त्याला एकटं सोडू नका. आणखी एका विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी सांगा. ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन देऊ नका. १४४१६ वर फोन करा. ही टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. नातेवाईकानेही फोन करून काय करावं ते विचारता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८.

घरातली कीटकनाशकं त्याच दिवशी हलवा. जीव देण्याची तीव्र लहर अनेकदा थोडाच वेळ टिकते, आणि त्या वेळात कीटकनाशक हाताशी नसणं हाच माणूस वाचण्यातला मोठा फरक ठरतो. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीसेक वर्षांत सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरलं. उरलेल्या बाटल्या भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या कुलूपबंद पेटीत ठेवा, किल्ली तिसऱ्याकडे. ‘फवारणीला लागतील’ ही अडचण असेल तर लागेल तेवढं त्याच दिवशी दुसऱ्याने आणून द्यावं. कुणी विष घेतल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायला लावू नका, मीठ-पाणी किंवा दूध पाजू नका. लगेच १०८ बोलवा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीने एक मिनिटही दवडू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला सहसा शिक्षा होत नाही.

गर्दी पांगल्यानंतर

पहिल्या आठवड्यात पुढारी येतात, पाहुणे येतात, किराण्याची पाकिटं येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओटा रिकामा होतो. आमच्या मते खरी मदत तेव्हा सुरू व्हायला हवी. पाच-सहा घरांनी मिळून वार ठरवून घ्यावेत, म्हणजे खचलेल्या घरी रोज कुणीतरी एक जण, दहा मिनिटांसाठी का होईना, जाईल. जाताना सल्ला नेऊ नका, काम न्या: ‘दोरी धर जरा’, ‘बँकेत चाललोय, चल सोबत’. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून घरबांधणीच्या कामात जोडून घेतलं गेलं. घरोघर माहिती पोचवणं, बांधकामाच्या अडचणी कार्यालयापर्यंत नेणं ही कामं त्यांनी केली. ज्यांचं स्वतःचं घर पडलं होतं, त्याच बायका दुसऱ्याच्या घराच्या कामाला लागल्या. संकटातल्या माणसाला नुसता मदत घेणारा करून ठेवू नका. त्यालाही कुणाचं तरी काम करू द्या.

वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या तीन महिन्यांतले जड दिवस आधीच लिहून ठेवा: दिवाळी, सोसायटीची नोटीस येण्याची वेळ, शाळेच्या फीची तारीख, नात्यातलं लग्न, जनावर दगावलं असेल तर जनावरांचा बाजार भरतो तो वार. प्रत्येकासमोर त्या दिवशी सोबत कोण असेल त्याचं नाव लिहा आणि त्या माणसाला तसं आधी सांगा. त्या दिवशी मनाचा आकडा पाचचा दोन झाला तर सगळं मुसळ केरात गेलं असं समजू नका. अशा दिवशी तो उतरतोच. दुसऱ्या दिवशीची दोन कामं आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. पण आकडा सलग आठ दिवस दोनवरच राहिला, तर नवव्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात घेऊन जा, आणि जाताना ही वही सोबत न्या. त्यातल्या नोंदी पाहून डॉक्टरांना पाच मिनिटांत बरंच काही कळेल.